कनेक्शन मिस्त्रीने करायचं

"इथे बायका मोटर भरतात म्हणे. म्हणूनच महिन्याच्या आत परत जळत असतील."

गोणपाटाच्या पडद्यापलीकडे कोणीतरी कोणाला तरी हे हळूच सांगत होतं. पडद्याच्या अलीकडे, बोलणाऱ्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, मिस्त्रीण कॉइल गुंडाळायच्या फर्म्याचा दांडा फिरवत, तारेचे वेढे मोजत बसली होती. बेचाळीस. त्रेचाळीस. उत्तर जिभेवर आलं होतं, चांगलं झणझणीत होतं, पण तोंड उघडलं की आकडा सांडतो. चव्वेचाळीस. बावीस वर्षांत अशी कितीतरी उत्तरं तिने आकड्यापायी गिळली होती. पन्नाशीच्या आत बोलणारे दोघे उठून गेले. अठ्ठावन्नला तिने तांब्याची तार कापली, टोक पिळलं आणि मग निवांतपणे पडद्यालाच म्हणाली, "कोरड्या विहिरीत मोटर चालवायची आणि नाव बायकांना ठेवायचं."

पडद्याने ऐकून घेतलं.

तिला सगळे मिस्त्रीण म्हणत ते ती मोटरी भरते म्हणून नव्हे. मिस्त्रीची बायको म्हणून. मास्तरांच्या बायकोने आयुष्यात खडू धरला नसला तरी ती मास्तरीणबाई होते, तसंच हे. मोटर कोण भरतं हे गावाला अर्धवट माहीत होतं आणि अर्धवटच माहीत असलेलं बरं होतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर येऊन बसला होता. विहिरींनी तळ दाखवला होता. पंप पाण्याऐवजी हवा ओढत, त्यात विजेचा दाब कधी असा, कधी तसा, आणि मोटरी धडाधड जळत. दुकानापुढे त्या रांगेने पडलेल्या असत, नंबर लावून बसलेल्या पेशंटांसारख्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं, पोरीचा अभ्यास. मधे हा पडदा. जळक्या वार्निशाचा वास दोन्हीकडे सारखाच. तो कपड्यांना, केसांना, पोरीच्या वह्यांना येई. बारकी शाळेत बाकावर बसली की शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावते, हे मिस्त्रिणीला बारकीने नाही, शेजारणीने सांगितलं होतं.

बारकी म्हणजे तिची मुलगी. सोळा संपून सतरावं लागलेलं, शाळेचं शेवटचं वर्ष. अंगाने किरकोळ, म्हणून बारकी. थोरला होता, त्याला तीन वर्षांपूर्वी तंत्रशाळेत इलेक्ट्रिकलला घातलं होतं. तुला जमेल का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. दोनदा नापास झाला आणि आता शहरात मोबाईलची कव्हरं विकत होता. त्याच्याबद्दल कोणी म्हटलं नाही की मुलांना हे जमत नाही. म्हणायचे, त्याचं लक्ष नव्हतं.

मोटर भरणं हे सगळं हाताचं काम. जळकी तार कापून उपसायची, बॉडीच्या आतल्या छत्तीस खाचा, म्हणजे स्लॉट, खरवडून लख्ख करायच्या, तार लोखंडाला टेकू नये म्हणून एकेकात पेपर घालायचा, फर्म्यावर कॉइल ओढायच्या आणि बोटांनी एकेक तार दाबत स्लॉटमध्ये बसवायची. तार तांब्याची, वर नुसतं लाखेचं पातळ कवच. नख लागून कवच उडालं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मिस्त्रीण आणि बारकी दोघींची नखं मुळापर्यंत कापलेली. हे सगळं बायकांनी केलं तर चालत होतं. पण कॉइल गटागटाने बसल्यावर प्रत्येक गटाचं सुरुवातीचं आणि शेवटचं अशी जी टोकं बाहेर राहतात, त्यांतलं कुठलं कुठल्याला जोडायचं, ते कनेक्शन मात्र मिस्त्रीने करायचं. हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. मिस्त्रीचा बाप करत होता, मग मिस्त्री करत होता. नवी सून म्हणून आली तेव्हा तिने एकदा टोकाला हात लावला होता. सासऱ्याने काही न बोलता तिच्या हातातून पक्कड काढून घेतली होती. तेवढं पुरलं.

आणि आता मिस्त्रीला दिसत नव्हतं.

साखरेने डोळ्याचा पडदा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, राहिलं ते सांभाळा. राहिलं होतं ते कडेकडेचं, धुरकट. माणूस दारात उभा राहिला की त्याला आकार कळे, आवाजावरून माणूस कळे, आणि तो अशा थाटात "या, बसा" म्हणे की कोणाला शंका येऊ नये. दिसत नाही हे त्याने कधी म्हटलं नाही. बायकोने विचारलं नाही. एक दिवस कॉइल भरून झाल्यावर तिने फक्त एवढं केलं, की ज्या दोन टोकांची जोडी लावायची ती एकमेकांकडे वाकवून ठेवली. मिस्त्रीची बोटं आली, वाकलेली टोकं त्यांना सापडली, जोड्या लागल्या. तो काही बोलला नाही, ती काही बोलली नाही. पुढे टोकं वाकवायचं काम बारकीकडे आलं. तीही काही बोलली नाही. अशा रीतीने दोन वर्षं कनेक्शन मिस्त्रीच करत होता.

सोमवारी मळेवाल्याची मोटर आली. नदीकाठच्या मळ्याचा मालक, जाड आवाजाचा, उभा राहिला की दार भरून जाई. त्याने पाच हजार रोपं लावली होती आणि पंप बसला होता.

"मिस्त्री, गुरुवारी मोटर पाहिजे. शुक्रवारी दिलीत तर मग नकोच, रोपांच्या मयतीला या."

"गुरुवारी घेऊन जा," मिस्त्री म्हणाला. त्याने बॉडीवरून हात फिरवला, जळक्या तारेचा वास घेतला. "तीन दिवस झाले जळून. कोरडी चालवलीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय ना."

पडद्याआड मिस्त्रिणीने मान खाली घातली.

मंगळवारी संध्याकाळी मायलेकी बॉडीच्या दोन बाजूंना बसून कॉइल भरत होत्या. उजेड अजून होता. बारकीची बोटं स्लॉटमध्ये तार अशी सोडत होती, की मिस्त्रिणीला पोरीच्या बोटांचा हेवा वाटावा की अभिमान, हे कळेना.

"तंत्रशाळेचा फॉर्म आणलास का गं?"

"आणलाय."

"मग भर की."

"भरते." तिने बांबूच्या पट्टीने पेपर दुमडून आत सरकवला. "तुझी सही लागेल, नाही तर बाबांची. सर म्हणाले आधी घरी नीट विचार करा."

"विचार काय करायचा? इलेक्ट्रिकल लिही."

बारकी पुढच्या स्लॉटकडे सरकली. मग म्हणाली, "आई, प्रयोगशाळेत आमचा चौघांचा गट आहे. तीन मुलं आणि मी. वर्षभर मी काय केलं माहितीय? रीडिंग लिहिलं."

"म्हणजे?"

"मुलं जोडतात, मी लिहिते. सर म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे."

"त्यांना येतं का जोडायला?"

"येत नाही. पण ते जोडतात."

मिस्त्रिणीला हसू आलं आणि ते अर्ध्यावर राहिलं. "मग तू सांगायचंस ना, मला द्या म्हणून."

"एकदा म्हटलं. मीटर उलटा लावलाय म्हटलं. सगळे हसले. मग सरांनी बघितलं तर खरंच उलटा. तर त्यांनी त्या मुलाला शाबासकी दिली. म्हणाले, चुकलं तरी हात घालतो बघा हा, असं पाहिजे."

"आणि तुला?"

"मला म्हणाले, वहीत तो भाग नीट खोडून परत लिही."

मिस्त्रिणीने तार दाबली. जोरात दाबली गेली. तिने लगेच बोट मागे घेतलं आणि कवच उडालं नाही ना ते वाकून बघितलं. नव्हतं उडालं.

"उद्या परीक्षा आहे ना प्रॅक्टिकलची? उद्या एकटीनंच जोडायचं असेल."

"हो," बारकी म्हणाली. "उद्या एकटीनंच."

बुधवारी बारकी फॉर्म भरून, आईची सही घेऊन शाळेत गेली. टोकं वाकवायचं काम मिस्त्रिणीने केलं, चोवीस टोकं, बारा जोड्या. मग नळाला पाणी आल्याचा गलका झाला आणि ती हंडे घेऊन पळाली. त्या उन्हाळ्यात नळ अर्धा तास यायचा, आणि अर्ध्या तासात रांग, भांडण, पाणी सगळं उरकायचं असायचं. परत आली तेव्हा मिस्त्रीने कनेक्शन करून, वरून नळ्या चढवून, दोऱ्याने बांधूनही टाकलं होतं. बॉडी बाकावर पहिल्यापेक्षा फिरलेली दिसत होती. दाराच्या बाजूला उजेड बरा असतो म्हणून त्याने ती ओढून घेतली होती. ओढताना टोकं दबली असतील का, असा विचार तिच्या मनात आला. तिने हंडा खाली ठेवला आणि विचारही त्याच्याबरोबर खाली ठेवला.

"छर्रा लावू या," मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात बारकी आली. गणवेशातच, दप्तर खांद्याला. चेहरा उन्हाने की कशाने काळवंडलेला. मिस्त्रीण पुढच्या मोटरीसाठी पेपर कापायला बसली होती. तिने नजरेने विचारलं, पोरीने नजर चुकवली.

डिमरवरून अगदी कमी वीज बॉडीत सोडली आणि मिस्त्रीने आत लोखंडी छर्रा टाकला. कनेक्शन बरोबर असलं की छर्रा आतल्या गोल भिंतीला धरून एकसारखा पळत राहतो. हा पळाला. पळता पळता एका जागी थबकला, थरथरला, मागे सरकला आणि मग परत निघाला. पुन्हा तिथेच आला आणि पुन्हा थबकला.

मिस्त्रीने कान तिरका केला होता. "पळतोय," तो म्हणाला.

बारकी दप्तर न उतरवता पुढे वाकली. "बाबा, एका ठिकाणी अडतोय."

"व्होल्टेज पडलंय. दुपारचं पडतंच."

"नाही, प्रत्येक फेरीला तिथेच अडतोय. एखादा गट उलटा..."

"उलटा?" मिस्त्री शांतपणे म्हणाला. शांत आवाज त्याचा वाईट असे. "तीस वर्षं मी उलटं कनेक्शन केलं नाही. आज करीन, तू शाळेत एक प्रयोग करून आलीस म्हणून. कसा झाला तुझा प्रयोग?"

बारकी सरळ उभी राहिली.

"मला दिसतंय ते तुला दिसत नाही का? पळतोय की नाही?"

आता खोलीत तिघे होते आणि तो छर्रा होता. मिस्त्रिणीने पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं. छर्रा आला, थबकला, थरथरला. तिने मान खाली घातली आणि पेपरावर पट्टी ठेवून दुसरा तुकडा कापायला घेतला.

"असेल," बारकी म्हणाली. "व्होल्टेज असेल."

मिस्त्रीने बटण बंद केलं.

जेवताना पोरीने सांगितलं ते असं. टेबलावर तारा, मीटर, बॅटरी. बाहेरून आलेले परीक्षक शेजारी उभे. तिने जोडलं, मग वाटलं चुकलं, सोडलं, परत जोडलं, परत वाटलं चुकलं. पहिलं होतं तेच बरोबर होतं. तिसऱ्यांदा जोडेपर्यंत वेळ संपली. परीक्षक म्हणाले, "राहू दे मुली, वही दाखव." वही बघून म्हणाले, "वा."

"अगं, पण घरी तर तू डोळे मिटून करतेस."

"घरी मी कुठे करते?" बारकी म्हणाली. "घरी बाबा करतात."

ती हे कुत्सितपणे म्हणाली असती तर मिस्त्रिणीला बरं वाटलं असतं. ती खरंच तसं समजत होती.

गुरुवारी सकाळी मोटर जोडून चालवली, तेव्हा ती गुरगुरली. मिस्त्री म्हणाला, बेअरिंग नवं आहे, बसेल. मळेवाला टेम्पो घेऊनच आला होता. जाताना खुशीत म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे हो." मिस्त्रिणीचा उजवा अंगठा तारेने चिरला होता, त्यावर तिने चिंधी गुंडाळली होती. तो हात तिने पदराखाली घेतला आणि "हो ना," म्हणाली.

दुपारी ती शाळेत गेली. विज्ञानाच्या सरांनी बोलावलं होतं. प्रयोगशाळा रिकामी, बाकांवर खडूची धूळ, वर पंखा. पंखा तिने ओळखला. मागच्या वर्षी तो तिच्या घरी आला होता आणि बारकीने भरला होता. सर त्याच्याच खाली बसले होते आणि त्यांच्या कपाळावरचे केस उडत होते.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, बारकीची वही काढून दाखवली.

"ही मी सगळ्या वर्गाला दाखवतो. काय अक्षर आहे. मुलगी हुशार आहे तुमची, थिअरीत पहिली. पण प्रॅक्टिकलला तीसपैकी अकरा. त्याचं काय आहे ताई, मुलींचा हात यात..." त्यांनी मनगट हवेत जरा हलवलं. "घाबरतो. त्यात त्यांचा दोष नाही. आणि इलेक्ट्रिकल म्हणजे उद्या खांबावर चढणं, शॉक, रात्रपाळी. वर्गात साठ मुलं आणि ही एकटी. मी माझ्या मुलीलाही घातलं नसतं. हे मी काळजीनं सांगतोय."

"मग काय घ्यावं म्हणता?"

"ऑफिस मॅनेजमेंट. स्वच्छ काम. सावलीत. असं अक्षर असलेली मुलगी वाया कशाला घालवायची?" त्यांनी बारकीचा फॉर्म टेबलाच्या खणातून काढला. शाखेच्या रकान्यात इलेक्ट्रिकल लिहिलेलं होतं, मोत्यांसारख्या अक्षरात. "मी हा पुढे पाठवलेला नाही. शनिवारी दुपारपर्यंत मुदत आहे. तिला दुसरा कोरा फॉर्म दिलाय. तुम्ही ठरवा."

मिस्त्रिणीने वर पंख्याकडे बघितलं. एक वाक्य होतं. सर, तुमच्या डोक्यावर फिरतंय ते माझ्या पोरीने भरलंय. ती शाळेची विहीर उपसतेय ना, तीही मोटर तिनेच भरलीय. पण हे वाक्य बोललं की त्याच्या मागोमाग दुसरं येणार होतं. मग मिस्त्री काय करतो? सर बाजारात भेटतील त्याला सांगतील, तो पुढे सांगेल, आणि आठ दिवसांत दुकानापुढची रांग पलीकडच्या गावातल्या दुकानापुढे लागेल. आंधळ्याकडे मोटर कोण टाकतो?

फर्म्यासमोर ती गप्प बसे तेव्हा निदान आकडा सांभाळायचा असे. इथे मोजायला काही नव्हतं. तरी ती गप्प बसली, आणि निघताना सरांना थँक्यू म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी मोटर परत आली. टेम्पोतून उतरवली नाही, ढकलली. सगळ्या आळीला आवाज गेला.

"दीड दिवस," मळेवाला म्हणाला. "दीड दिवस चालली. रात्रभर गुरगुरत होती, आज धूर सोडून बसली. अर्धी रोपं माना टाकून पडलीत. मिस्त्री, वीस वर्षं तुमच्याकडे येतोय. काय झालं सांगा."

रस्त्यावर चार लोक थांबले. त्यात सायकलवाला होता, दूधवाला होता, आणि पडद्याआडून ऐकलेला, बायकांना नाव ठेवणारा तो आवाजही होता. तो कोणाच्या तरी कानाशी म्हणत होता, "मी म्हटलं नव्हतं?"

मिस्त्री खाली बसला. मोटरवरून हात फिरवला. अजून गरम असलेल्या पत्र्यावर हात भाजला तरी त्याने काढला नाही. मिस्त्रिणीला त्याच्या मानेची शीर दिसत होती. त्याला कळलं होतं. नाकाला कळलं, बोटांना कळलं. दुकान, नाव, तीस वर्षं, सगळं त्या हाताखाली गरम होऊन पडलं होतं. तो काही तरी धरायला शोधत होता, आणि सगळ्यात जवळ पोरगी होती.

"कॉइल भरताना हात हलला असेल," तो म्हणाला. "माझं कनेक्शन पक्कं होतं. भरायला पोरीला बसवलं होतं या वेळी. परीक्षा चालू तिची, लक्ष नव्हतं. चूक माझी, मी बसवायला नको होतं."

"पोरीला?" मळेवाला म्हणाला. रागाची धार जरा खाली आली, त्यात दया मिसळली, आणि ती रागापेक्षा ऐकायला वाईट होती. "अहो मिस्त्री, हे काय पोरींचं काम आहे का? शिवण शिकवा, कॉम्प्युटर शिकवा. आमच्या रोपांवर कशाला शिकवता?"

लोक हसले. फार नाही, थोडे.

बारकी पडदा बाजूला करून उभी होती. मिस्त्रिणीला वाटलं आता ही बोलेल. छर्रा अडत होता म्हणेल. मी सांगितलं होतं म्हणेल. तिने पोरीकडे पाहिलं, तर पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. ती आठवत होती. मनातल्या मनात एकेक स्लॉट भरत होती आणि कुठे नख लागलं असेल ते शोधत होती.

"हो," ती म्हणाली. "सातव्या स्लॉटला तार जरा घट्ट गेली होती. माझंच चुकलं असणार."

सातवा स्लॉट मिस्त्रिणीने भरला होता.

"उद्या सकाळी येतो," मळेवाला म्हणाला. "माझ्यासमोर उघडा. काय जळलं ते मला बघायचंय. आणि या वेळी मिस्त्री, तुम्ही स्वतः भरा."

त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी भांडलं नाही. मिस्त्री जेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बारकीने भांडी घासली, हात पुसले आणि कोरा फॉर्म काढून बसली.

"उद्या भर," मिस्त्रीण म्हणाली. "दुपारपर्यंत वेळ आहे."

"आत्ताच भरते. उद्या परत विचार येतील."

"कसले?"

"हेच. आपल्याला येतं म्हणून." तिने रकाना शोधला आणि पेन टेकवलं. "आई, मला वाटायचं मला येतं. शाळेत नाही आलं तर म्हटलं, तिथे लोक बघतात म्हणून नाही येत. पण घरी तर कोणी बघत नव्हतं ना."

मिस्त्रीण तिच्या पाठीमागे उभी राहून बघत होती. ऑफिस मॅनेजमेंट. मोत्यांसारखं अक्षर. तिने ओठ उघडले. भिंतीकडे तोंड करून झोपलेली पाठ जागी होती, हे तिला श्वासावरून कळत होतं. तिने ओठ मिटले आणि पाणी प्यायली.

शनिवारी सकाळी मळेवाला आठलाच आला. बरोबर सायकलवालाही आला, उगाचच. मिस्त्रीण आणि बारकीने मोटर उघडली. बॉडीतून जळक्या धुराचा वास अजून नाकात जात होता. मळेवाला कमरेवर हात ठेवून उभा होता, मिस्त्री बाकावर बसला होता, ताठ.

"वहिनी, तो सातवा कुठला?"

मिस्त्रिणीने सातवा स्लॉट दाखवला. तिथे तार काळी होती, जशी ती सगळीकडेच काळी होती. मग तिची नजर वरच्या बांधणीवर गेली. दोरा जळून गेला होता, नळ्या वितळल्या होत्या, आणि जोड्या उघड्या पडल्या होत्या, हाडांसारख्या. तिने डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन, चार बरोबर. पाचव्या जोडीत गटाचं शेवटचं टोक यायला हवं होतं तिथे त्याच्या शेजारचं, सुरुवातीचं आलं होतं. सहाव्या जोडीला उरलेलं गेलं होतं. गट उलटा. कनेक्शन कधी करू न दिलेल्या बाईलाही ते इतकं स्वच्छ दिसत होतं, की मळेवाल्याला कसं दिसत नाही याचं तिला नवल वाटलं.

बारकी फॉर्म घेऊन पुढे आली. ती बॉडीकडे बघतच नव्हती. आता तिला त्यात बघायचं काही उरलं नव्हतं.

"बाबा, सही लागतेय. मला शाळेत जायचंय, बारापर्यंत द्यायचा."

"कसला फॉर्म?" मळेवाल्याने विचारलं.

"तंत्रशाळेचा. ऑफिसचं काम शिकायला."

"शाब्बास," मळेवाला मनापासून म्हणाला. "हे बरं केलंस पोरी. अक्कल आली."

मिस्त्रीने पेन घेतलं. कागद गुडघ्यावरच्या पाटीवर होता आणि तो त्याच्याकडे तोंड करून, वाचत असल्यासारखा, थोडा वेळ बसला. सायकलवाला मान लांब करून बघत होता. मग बारकीने काही न बोलता, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा सवयीने, बापाचं बोट धरलं आणि सहीच्या रेघेवर नेऊन ठेवलं. दोन वर्षं ती टोकं अशीच त्याच्या बोटांपुढे वाकवून ठेवत आली होती. पेनाचं टोक बोटाशी आलं.

"थांबा," मिस्त्रीण म्हणाली.

तिने पुढे येऊन कागद पाटीवरून उचलला. तिचा काळा हात त्याच्यावर उमटला, पाची बोटं. मिस्त्रीने तोंड वर केलं. तो तिच्याकडे बघत होता, तिच्या खांद्याच्या जरा बाजूला.

"अगं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्यात सगळी विनवणी होती, आणि बावीस वर्षांत त्याने तिला विनवलं नव्हतं.

ती मळेवाल्याकडे वळली, कारण नवऱ्याकडे बघून हे बोलणं तिला जमलं नसतं.

"ह्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. मोटरी मी आणि ही भरतो, टोकं आम्ही वाकवून ठेवतो आणि हे चाचपून जोडतात. तुमच्या मोटरीत पाचवी जोडी उलटी लागलीय, ही बघा, कोणालाही दाखवा." मग ती पोरीकडे वळली. "तुला ते बुधवारीच दिसलं होतं, बारके. तू बोललीही होतीस. आणि मलाही दिसलं होतं. मला चांगलं स्वच्छ दिसलं होतं, आणि मी पेपर कापत बसले."